मामाने आवळलेला कॉम्प्युटर

माझ्या मामाला दुसऱ्याने आवळलेला बोल्ट चालत नाही.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणजे बत्तीस वर्षं करत होता, गुडघ्याने संप पुकारेपर्यंत. या कामात माणूस अठरा मजली पोकळीत, म्हणजे शाफ्टमध्ये, एका फळीवर उभा असतो, फळी चार बोल्टांवर असते, आणि ते चार बोल्ट कोणी आवळले यापलीकडे त्याला जगाबद्दल फारसं कुतूहल उरत नाही. ही सवय मामाने घरी आणली. कुठेही बसायच्या आधी तो खुर्ची उलटी करून खालून बघतो. लोकांकडेसुद्धा. "पहिल्यांदा आमच्या घरी आले," मामी सांगते, "तेव्हा बाबांनी 'बसा' म्हटलं, तर यांनी सोफाच आडवा केला. बाबांना वाटलं काहीतरी हरवलंय. तेही बिचारे वाकून शोधायला लागले."

मामी बालवर्गाची बाई आहे. सत्तावीस वर्षं चार-चार वर्षांच्या मुलांशी बोलून तिला आता दुसऱ्या कुणाशी वेगळं बोलताच येत नाही. सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसालाही ती विचारते, "आता हा सिलिंडर कोण बरं नीऽट भिंतीला लावून ठेवणार?" आणि तो एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस मान खाली घालून म्हणतो, "मी."

मी त्यांची भाची. सुट्टीचा दिवस त्यांच्याकडेच जातो, कारण आमच्या घरी सगळे हळू आणि शहाण्यासारखं बोलतात. मामा मला पोपट म्हणतो. का म्हणतो ते सांगायला नको.

तर गुडघा. मामाचा उजवा गुडघा वाकताना 'कर्रर्र-टक्' असा आवाज करतो. जिना चढताना तो आवाज आधी येतो आणि मागून मामा. डॉक्टरांनी सांगितलं, शिडी बंद. आणि कंपनीकडे गुडघे गेलेल्या माणसांसाठी दोनच जागा असतात. एक म्हणजे तळघरातलं स्टोअर. तिथे नट, बोल्ट, वायसर वेगवेगळ्या डब्यांत भरत बसायचं आणि न्यायला कोणी आलं की "सही कर" म्हणायचं. मामाचा एक जुना सोबती तिथे गेला. तो आता घरी बायकोने मीठ मागितलं तरी कशाला हवं ते विचारतो.

दुसरी जागा नवीनच निघाली होती. घरी बसायचं, समोर दोन स्क्रीन, त्यांच्यावर शहरातल्या सगळ्या लिफ्टी. कुठे कोणी अडकलं की त्याच्याशी बोलायचं आणि जवळच्या मेकॅनिकला तिकडे पिटाळायचं. जागा एकच. रविवारी संध्याकाळी पाच वाजता कंपनीच्या मॅडम ऑनलाइन येणार, अर्धा तास मामाला प्रत्यक्ष बसवून बघणार. जमलं तर जागा त्याची. नाही जमलं, किंवा पाच वाजता स्क्रीन काळी दिसली, तर सोमवारपासून तळघर. कॉम्प्युटर ज्याचा त्याने आणायचा होता.

दुसरा कोणी दुकानात जाऊन तयार घेऊन आला असता. मामाने सुटे भाग आणले.

"अहो, दुकानात तयार होते ना?" मामी म्हणाली.

"आतून कोणी आवळलेत, तुला माहीत आहे?"

"त्यात कोण उभं राहणार आहे?"

"माझी नोकरी उभी राहणार आहे," मामा म्हणाला. मामीने जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं.

शनिवारचा अख्खा दिवस आम्ही तो कॉम्प्युटर जोडला. आम्ही म्हणजे मामाने, आणि मी हातात वस्तू द्यायच्या. मामाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे त्याच्या रीतीने करायचं. आधी घराच्या मेन स्विचवर पत्र्याची पाटी लटकली: 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' मग दर वेळी काही जोडायच्या आधी तो ओरडणार, "बंद?" मी ओरडायचं, "बंद!" "खात्री?" "खात्री!" मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, पण तो आठ मजले खाली माणूस असल्यासारखाच ओरडतो. शेजारच्या काकू दोनदा दार उघडून बघून गेल्या.

आणि सगळ्यात मोठा नियम. काम संपल्यावर डब्यात एकही वस्तू उरता कामा नये.

हा नियम मामाच्या वस्तादांचा. मामा शिकाऊ उमेदवार असताना एका लिफ्टचं काम संपलं आणि त्याच्या खिशात एक वायसर सापडला. एक. दहा पैशाच्या नाण्याएवढा. वस्तादांनी आवाज न चढवता विचारलं, "हा कुठला?" मामा म्हणाला, "जास्तीचा असेल." वस्ताद म्हणाले, "लिफ्टमध्ये जास्तीचं काही नसतं," आणि अख्खी मोटार परत उघडायला लावली. दीड दिवस. वायसर शेवटी वस्तादांच्याच सदऱ्यातून पडलेला निघाला, पण तोपर्यंत मामाच्या डोक्यात तो नियम बसला तो बसलाच.

त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पिशव्यांमध्ये सतरा स्क्रू उरले तेव्हा मामा चहा न पिता उभा राहिला. मग त्याने कॉम्प्युटरच्या डब्याला, म्हणजे त्या मोठ्या काळ्या कॅबिनेटला, जिथे जिथे रिकामं भोक होतं तिथे एकेक स्क्रू पिळून बसवला. सतराच्या सतरा. कॅबिनेट उचलताना माझ्या हाताला कळ लागली.

"आता मजबूत झाला," मामा म्हणाला.

रविवारी सकाळी नऊ वाजता पाटी काढली. मामी ओला हात पदराला पुसत आली. मामाने अंघोळ करून कामावरचा खाकी शर्ट घातला होता. त्याने बटण दाबलं.

भूंऽ— टक्.

पंखा पाव फेरा फिरला, एक हिरवा दिवा लुकलुकला आणि सगळं थंड. दोन सेकंदांनी त्याचं त्यालाच वाटलं म्हणून परत: भूंऽ— टक्. मग परत. शिंक येता येता राहावी तसं.

"आत कोणी अडकलंय का?" मी विचारलं.

"पोपट," मामा म्हणाला, "चावट बोलायची वेळ नाही." पण त्यानेही वाकून आत बघितलंच.

दुकानदाराला फोन लावला. या माणसाचा आवाज नाकातून येतो आणि कुठलीही गोष्ट त्याच्या दृष्टीने आधीच झालेली असते. "होऊन जाईल साहेब," तो म्हणाला. मामाने अजून काय बिघडलंय ते सांगितलंही नव्हतं.

"पंखा फिरतो आणि बंद पडतो."

"फिरतो ना? मग झालंच. रॅम काढा, परत लावा. होऊन जाईल."

रॅम म्हणजे फुटपट्टीसारखी हिरवी पट्टी, खाचेत उभी बसते. "बंद?" "बंद!" "खात्री?" "खात्री!" मामाने ती काढली, डोळ्यांजवळ धरली, दोन्ही कडा बोटाने चाचपल्या आणि पुन्हा बसवली. खट्. बटण. भूंऽ— टक्.

परत फोन. "दुसऱ्या खाचेत लावा साहेब." दुसऱ्या खाचेत. भूंऽ— टक्. "पिना नीट दाबल्यात?" दाबल्या. "मग अजून जरा दाबा." मामाने दाबल्या. मामा दाबतो म्हणजे काय ते सांगते. आमच्या स्वयंपाकघरातला नळ तो बंद करून गेला की पुढच्या माणसाला पाना लागतो.

साडेदहा वाजता मामाला प्लगवर संशय आला. मामीचा मिक्सर आणून त्याच प्लगात लावला. मिक्सर असा सुरू झाला की झाकण उडालं. म्हणजे प्लग निर्दोष. मग मामाने मीटर काढला आणि पॉवर सप्लायच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, एकेका वायरीवर लावून बघितला. मी आकडे वहीत लिहिले. आकडे सगळे बरोबर. बिचारा कॉम्प्युटर प्रत्येक तपासणीत पास होत होता आणि चालत मात्र नव्हता.

"थांबा, मी बघते," मामी म्हणाली. ती कॅबिनेटसमोर उकिडवी बसली आणि तिने बालवर्गाचा खास आवाज काढला. "काय झालंऽ? कोणी रागावलं का आपल्याला? नाही ना? मग आपण आता काऽय करणार आहोत?"

मामीने बटण दाबलं. भूंऽऽऽऽऽ...

पंखा फिरत राहिला. एक सेकंद. दोन. तीन. मामाचं तोंड उघडं. चार.

टक्.

"पाहिलंत?" मामी उठत म्हणाली. "प्रेमाने बोललं की चार सेकंद जास्त." त्यानंतरचा अर्धा तास मामा माझ्याकडे बघून, माझ्याशी बोलतोय असं दाखवत, कॉम्प्युटरशी गोड आवाजात बोलत होता. "हे बघ, तुला काही त्रास असेल तर सांग." मी म्हटलं, "मला काही नाही मामा." तो म्हणाला, "तुला नाही ग."

बारा वाजले. एक वाजला. जेवणं टेबलावर झाली नाहीत, कारण टेबलावर कॉम्प्युटर होता. आम्ही जमिनीवर बसलो, मामा गुडघ्यामुळे उभ्यानेच जेवला. जेवताना तो एकदाच बोलला. "स्टोअरमध्ये खिडकी नाही." मामीने त्याच्या ताटात काहीतरी वाढलं आणि पहिल्यांदाच बालवर्गाचा आवाज काढला नाही. "माहीत आहे," एवढंच म्हणाली.

दीड वाजता दुकानदाराचाच फोन आला. मागून दुसरं गिऱ्हाईक "माझं बिल?" म्हणत होतं. "साहेब, झालं का? नाही? एक करा. सगळं डब्यातून बाहेर काढा, पुठ्ठ्यावर ठेवा आणि चालवा. म्हणजे कळेल दोष कुठाय. मी दोनला बंद करतो, पण मोबाइल चालू आहे. होऊन जाईल."

"लिफ्टलाही हेच करतात," मामा म्हणाला आणि त्याच्या अंगात जीव आला. "मोटार सुटी करून एकटी चालवून बघायची."

सतरा अधिक आठ अधिक इतर, असे सगळे स्क्रू काढले. मी ते मामीच्या रंगांच्या वाट्यांमध्ये ठेवले. मदरबोर्ड, म्हणजे ती सगळ्या वस्तू ज्याच्यावर बसतात ती मोठी पाटी, नव्या मिक्सरच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवली. पॉवर सप्लाय बाजूला. वायरी सगळीकडे. टेबल एखाद्याचं पोट उघडल्यासारखं दिसत होतं.

"बंद?" "बंद!" "खात्री?" "खात्री!" "आता चालू."

भूंऽऽऽऽऽऽऽऽऽऽ.

आम्ही तिघं श्वास धरून. दहा सेकंद. वीस. आणि स्क्रीनवर अक्षरं आली. पांढरी, इंग्रजी, कंटाळवाणी, पण अक्षरं! मामी टाळ्या वाजवायला लागली, एक-दोन, एक-दोन-तीन, तिच्या वर्गातल्या तालात. मामाने माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुठ्ठ्यावर पडता पडता वाचले. "जोडण्यात दोष नाही!" तो म्हणाला. "माझ्या आवळण्यात दोष नाही!"

मग सगळं परत डब्यात घातलं, आवळलं, सतरा स्क्रू लावले, बटण दाबलं.

भूंऽ— टक्.

सव्वातीन वाजले होते.

"त्याला डबा आवडत नाही," मामी म्हणाली. "काही मुलं असतात अशी. पुठ्ठ्यावरच राहू दे की."

मीही तेच म्हटलं. मामाने कंपनीचा कागद पुढे केला. मॅडमना साडेचारच्या आत फोटो पाठवायचा होता: टेबल, खुर्ची, दोन स्क्रीन, बंद कॅबिनेट, वायरी बांधलेल्या. उघडी वायर दिसली की उमेदवार बाद. "आणि फोटो नसता मागितला तरी नाही," मामा म्हणाला. "उघड्या शाफ्टशेजारी मी कुणाला बसवलं नाही. स्वतःलाही बसवणार नाही."

तो विचारात पडला. विचार करताना मामा उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासतो, जणू बोटात ग्रीस आहे. बाहेर ठीक, आत बंद. बाहेर ठीक, आत बंद. असं दोनदा पुटपुटला. मग एकदम मान वर करून म्हणाला, "आत काहीतरी टेकतंय. पोपट, मामीच्या पिशवीतून खडू आण. निळा."

"माझा निळा संपत आलाय," मामी म्हणाली. तिच्याकडून खडू काढणं म्हणजे बँकेतून कर्ज काढणं. पण तिने मामाचा चेहरा पाहिला आणि अख्खा खडू दिला. तुकडा नाही, अख्खा.

लिफ्टचं दार चौकटीला कुठे घासतंय हे डोळ्यांना दिसत नाही तेव्हा मामा हेच करतो. एका बाजूला खडू लावायचा, दार एकदा हलवायचं, दुसऱ्या बाजूला खूण कुठे उमटली ते बघायचं. आता त्याने बोर्ड परत बाहेर काढला. कॅबिनेटच्या तळाला, बोर्ड ज्यांच्यावर बसतो त्या बारक्या पितळी खुंट्या होत्या. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या. मामाने प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर निळा खडू घासला. मग बोर्ड सरळ खाली ठेवला, हलकेच दाबला, सरळ वर उचलला आणि उलटा करून खिडकीपाशी नेला.

"मोज," तो म्हणाला.

बोर्डला आठ भोकं. आठ भोकांभोवती आठ निळी कडी, सुबक. आणि मध्ये, जिथे भोक नव्हतं, जिथे सोल्डरचे, म्हणजे धातू वितळवून केलेल्या जोडांचे, चकचकीत ठिपके दाटीने बसले होते, तिथे एक निळा ठिपका.

"नऊ," मी म्हटलं.

"आठ असतील."

"मामा, नऊ आहेत."

मामीने चष्मा लावला आणि सवयीने बोट ठेवत मोठ्याने मोजले. "एऽक... दोऽन..." नऊच निघाले.

पिशवीत खुंट्या नऊ होत्या, म्हणून मामाने शनिवारी नऊ लावल्या होत्या. नवव्या खुंटीवर बोर्डला भोक नाही हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण लिफ्टच्या खड्ड्यात तळाशी जाड स्प्रिंग असतात. त्या काहीच धरत नाहीत, नुसत्या आधाराला असतात. ही नववी तशीच असणार, असं त्याने ठरवलं. मी स्वतः ती त्याच्या हातात दिली होती. "ही धरायला नाही, टेकायला आहे," असं तो मला शिकवूनही गेला होता. आता ती टेकत होती, भलत्या जागी, पितळ सोल्डरला. वीज भलत्या वाटेने निघाली की पॉवर सप्लाय तत्क्षणी स्वतःला बंद करत होता.

मामाने फोन लावला. स्पीकरवर.

"होऊन जाईल सा—"

"खुंट्या नऊ का दिल्यात?"

"एक्स्ट्रा असतात साहेब. बोर्ड लहान-मोठे येतात ना. लागतील तिथे लावायच्या, बाकीच्या काढायच्या."

"एक्स्ट्रा," मामा म्हणाला.

"हां. स्क्रूपण एक्स्ट्रा असतात."

"आणि उरलेल्यांचं काय करायचं?"

"ठेवून द्या नाहीतर टाकून द्या."

मामाने फोन बंद केला. बत्तीस वर्षं ज्या शब्दाला त्याच्या कामात जागा नव्हती तो शब्द टेबलावर पडला होता आणि मामा त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "दिवसभर मी त्या पॉवर सप्लायला शिव्या घातल्या. आणि तो बिचारा काय करत होता? सेफ्टी लावत होता. दोर तुटला की केबिन जागच्या जागी पकडून ठेवायची. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं."

"त्याची माफी नंतर मागा," मामी म्हणाली. "चार वाजून दहा झाले."

पण मामाचा हात काही पुढे जाईना. पक्कड नवव्या खुंटीवर टेकवून तो उभा. भोक रिकामं सोडायचं! मी बघत होते, त्याच्या कपाळावर खरोखर घाम आला होता. शेवटी मामी पुढे झाली आणि तिने विचारलं, "आता ही खुंटी कोण बरं शहाण्यासारखं बाहेर काढणार?"

मामाने मान खाली घातली. "मी."

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बटण दाबलं आणि तो सुरू झाला. टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही, वेळच नव्हता. मामीने वायरी तिच्या वर्गातल्या रंगीत रिबिनींनी बांधल्या. मी फोटो काढला, पाठवला. कंपनीने दिलेला पेनड्राइव्ह लावताच दोन्ही स्क्रीन छोट्या छोट्या हिरव्या चौकोनांनी भरल्या. एक चौकोन म्हणजे एक लिफ्ट. मामा खुर्ची उलटी करून, बघून, सरळ करून बसला.

पाचला मॅडम आल्या. कंपनीत आता मामालाच सगळे वस्ताद म्हणतात. त्या वाक्याच्या शेवटी थांबत नाहीत. "वस्ताद आवाज येतोय का चेहरा दिसतोय रिबिनी छान आहेत डावीकडे सूचना आहेत त्या वाचायच्या मी मध्ये बोलणार नाही खरे कॉल येतील चला."

सात मिनिटं सगळं हिरवं. मग एक चौकोन लाल झाला आणि टुंग-टुंग-टुंग.

सूचनांमध्ये लिहिलं होतं: 'नमस्कार. आपण मदत केंद्राशी जोडले गेला आहात. कृपया शांत राहा.' मामाने खुर्चीतून अर्धवट उठून, शाफ्टमध्ये तोंड घालून ओरडावं तसं विचारलं, "आत कोणंय?"

"मी," एक बारीक आवाज आला.

स्क्रीनवर केबिनचं चित्र आलं. माणूस दिसेना. वरपासून खालपर्यंत पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी.

"तुम्ही कुठे आहात?"

"गादीच्या मागे. गादी नेत होतो वर. आता ती हलेना, मीही हलेना. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये आहोत."

"घाबरू नका," मामा म्हणाला. "आलोच मी."

आणि त्याने हेडसेट काढला, कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि दाराकडे निघाला. कर्रर्र-टक्. कर्रर्र-टक्.

मी हेडसेट उचलून माइकमध्ये म्हटलं, "ते जरा... पाणी प्यायला गेलेत."  स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या मॅडमची एक भुवई वर गेली.

मामी दारात आडवी उभी होती.

"आपण कुठे बसणार आहोत?"

"अगं, माणूस अडकलाय!"

"आणि आपण तिथे चढून जाणार आहोत? या पायांनी?"

मामाने दाराबाहेरच्या जिन्याकडे बघितलं. मामाच्या इमारतीत लिफ्ट नाही. तीन मजले खाली, तिकडे सात मजले वर मशीनच्या खोलीपर्यंत. तो उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांत असं काही आलं की मी स्क्रीनकडे बघायला लागले. मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि कर्रर्र-टक्, कर्रर्र-टक्, खुर्ची.

"गादीवाले, आहात का?"

"जाणार कुठे?"

"बरोबर आहे. हे बघा, गादी कापसाची की स्प्रिंगची?"

"स्प्रिंगची."

"मग तिला पाठ लावा आणि टेका. एवढी आरामाची लिफ्ट कुणाला मिळाली नाही अजून. माझा माणूस निघाला." मामाने डावीकडच्या यादीतून लंबूला फोन लावला. लंबू म्हणजे त्या भागातला ड्यूटीवरचा मेकॅनिक. लंबू पोहोचेपर्यंत मामाने गादीवाल्याला विचारलं, नवी आहे का, कुशीवर झोपता की पाठीवर, घोरता का. गादीवाला म्हणाला, "बायको म्हणते घोरतो." मामा म्हणाला, "माझीपण म्हणते. त्यांना झोप लागत नाही म्हणून आपल्यावर ढकलतात." मागून मामी खाकरली.

अकराव्या मिनिटाला लंबू मशीनच्या खोलीत, जिथे चाक हाताने फिरवून अडकलेली लिफ्ट सरकवतात. "वस्ताद, चाकावर हात ठेवलाय."

"आधी मेन बंद?"

"बंद!"

"खात्री?"

"खात्री!"

"ब्रेक सैल कर. सगळा नाही. हळू... हळू." आणि मामाचे हात वर आले. हवेत, टेबलाच्या वर, तो एक न दिसणारं चाक फिरवायला लागला. डावा हात ब्रेकवर, उजवा चाकावर, डोळे अर्धे मिटलेले. "अजून पाव वेढा. थांब. ऐकू येतंय? घासतंय डाव्या बाजूला. परत पाव. हां. हां. सोड." त्याच्या कपाळावरची शीर तट्ट झाली होती, शर्ट पाठीला चिकटला होता. वजन लंबू ओढत होता, घाम इकडे येत होता.

लाल चौकोन पिवळा झाला. मग हिरवा. चित्रात दार उघडलं, आधी गादी बाहेर पडली, मग तिच्यावर एक बारीकसा माणूस, हसत.

"वस्ताद," मॅडम म्हणाल्या, "चपला घालून कुठे निघाला होतात?"

मामा माझ्याकडे बघून कसनुसा झाला. "सवय, मॅडम."

"जागा सोडली म्हणून दहा गुण जातात मदतनीस खोटं बोलली म्हणून पाच सूचना एकही वाचली नाही म्हणून अजून पाच." मग मॅडम पहिल्यांदाच थांबल्या. टकटक टाइप केल्याचा आवाज. "आज सकाळपासून तीन उमेदवार बघितले. तिघांनीही सूचना वाचल्या, आणि तिन्ही अडकलेली माणसं रडत बाहेर आली. सोमवारी सातला बसा. पण उठायचं नाही, वस्ताद."

"नाही उठणार."

"चपलाच घालू नका."

"नाही घालणार. मॅडम, आता काय करू?"

"साडेपाचपर्यंत पाळी तुमचीच आहे. बघत बसा."

"सगळं हिरवं आहे."

"हिरवं असलं तरी बघायचं."

मामी चहा घेऊन आली. मामाने तो घेतला नाही. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, उठू नयेत म्हणून, आणि तो त्या हिरव्या चौकोनांकडे असा टक लावून बघत होता की मामीने कप खाली ठेवला आणि बोट रोखलं.

"असं मनातसुद्धा आणायचं नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"चेहरा म्हणाला. लोकांनी अडकू नये, असंच आपल्याला वाटतं. वाटतं ना?"

मामाने थोडा विचार केला.

"साडेपाचनंतर वाटेल," तो म्हणाला.